मालकाशी असलेले नाते

मास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते तयार कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे शंभर थर एकावर एक पसरायचे, वर आखलेला कागद लावायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेषेवरून न्यायचं. हात जरासा सरकला तर एक सदरा नाही, शंभर सदरे बाद. त्यामुळे तीनदा मोजल्याशिवाय ते कशालाच हात घालत नसत. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी कुलूप तीनदा ओढून बघत. बायको म्हणायची, "ह्यांनी लग्नाला हो म्हणायला सात महिने लावले. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

अशा माणसाने एकदाच, एकाच बाबतीत, न मोजता कातर चालवली. ती नेमकी स्वतःच्या घराच्या बाबतीत.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाल्कनी इतकी की एक खुर्ची ठेवली की दुसऱ्या माणसाने आत उभं राहून गप्पा मारायच्या. चाळिशी उलटून गेल्यावर, बँकेचं कर्ज काढून घेतलेलं. घराची कागदपत्रं बँकेत, किल्ल्या मास्तरांकडे, असा तो संसार होता. दारावरची पाटी मात्र मास्तरांनी स्वतः केली होती. लाकडाच्या फळीवर आडनावाची अक्षरं एकेक करून कापून बसवली होती, आणि कुणी पाहुणा आला की आधी पाटीचं कौतुक होईपर्यंत ते त्याला उंबऱ्यातच उभं करत.

मग कारखाना बंद पडला. दोन महिने मास्तर घरात बसून होते आणि कुलपं ओढून बघायलाही उठत नव्हते. शेवटी परदेशातल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथल्या पोरांना कटिंग शिकवायचं, करार तीन वर्षांचा, राहायला कंपनीची खोली, बायकोला न्यायची परवानगी नाही. दोघांनी बसून ठरवलं की बायकोने तीन वर्षं भावाकडे राहायचं, घर भाड्याने द्यायचं, भाड्यात हप्ता भागेल, आणि पगार साठवून परत आल्यावर कर्जातून मोकळं व्हायचं. पन्नाशीच्या पुढे हातात मशीन किती दिवस धरवणार, हा विचार दोघांच्याही मनात होता.

मास्तरांनी बँकेचे कागद काढून तीनदा वाचले. त्यात लिहिलं होतं की हे घर कर्जदाराने स्वतः राहण्यासाठी घेतलं आहे, आणि भाड्याने द्यायचं असेल तर बँकेची लेखी परवानगी लागेल.

"उद्या जाऊन विचारून येतो," मास्तर म्हणाले.

तिथे मेहुणा बसला होता. हा मेहुणा म्हणजे जगातल्या प्रत्येक खिडकीवर आपली ओळख आहे असं समजणारा. "भाऊजी, वेड लागलंय का? बँकेला विचारलं की बँक नाही म्हणते. विचारलंच नाही, तर नाही कशी म्हणेल? सरळ सांगायचं, चुलतभाऊ राहायला आलाय. माणसाच्या घरी चुलतभाऊ राहू नये काय?"

मास्तर दमलेले होते. व्हिसाच्या रांगा, डॉक्टरी तपासण्या, दोन महिन्यांची बेकारी. ते "बरं" म्हणाले. लग्नानंतर त्यांनी मेहुण्याचं ऐकलेली ही पहिली गोष्ट.

भाडेकरू मिळाला तो चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासणारा. पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा, नखांत कायम पांढरी पूड. त्याला सगळे भिंगवालाच म्हणत. घर त्याला आणि त्याच्या बायकोला आवडलं. चुलतभावाची गोष्ट कानावर घातली तेव्हा मात्र तो बिचकला.

"मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "तोंड लाल होतं. हिला विचारा."

बायकोने मान हलवली. "कानसुद्धा लाल होतात."

"पण पाठ केलेलं मी न अडखळता म्हणतो," भिंगवाला पुढे म्हणाला. "तुम्ही मला सगळं नीट सांगा. आपले आजोबा काय करायचे? घर कसं होतं? लहानपणी कोण कुणाला मारायचं?"

"अहो, बँकेचा माणूस असलं काही विचारत नसतो."

"आणि विचारलं तर? मी काय आ वासून उभा राहू?"

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हाही तीनदा मोजणारा निघाला. त्यांना बरं वाटलं, आणि घर त्यालाच दिलं. जाता जाता भिंगवाल्याने, चहात साखर किती हे सांगावं तितक्या साधेपणाने, सांगितलं की तो अनाथाश्रमात वाढला आहे. चुलतभाऊ म्हणजे नेमकं कसं नातं असतं हेही त्याने एकदा विचारून घेतलं. वडील वेगळे, आजोबा एक, असं मास्तरांनी समजावलं. त्याने ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

परदेशातली खोली चार खाटांची. खिडकी होती, पण तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. कपाट अर्धं वाट्याला, न्हाणीघराची रांग ठरलेली. कारखान्यात पोरांची भाषा मास्तरांना येत नव्हती आणि मास्तरांची पोरांना, त्यामुळे दिवसभर हातवारे. साखळीचा पोलादी हातमोजा घालून एकच रेष पन्नास वेळा कापून दाखवायची. संध्याकाळी मनगट असं भरून यायचं की चमचा धरणं जिवावर येई. मास्तरांना तिथे कुणी वाईट वागवलं नाही. कुणी ओळखतच नव्हतं, तर वाईट काय वागवणार?

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन. आधी बायकोला, मग भिंगवाल्याला. भिंगवाला वही घेऊन बसलेला असे. मास्तर सुरुवातीला चार शब्दांत उरकत. आजोबा गाड्यांची चाकं बनवायचे. काका घोरायचा, इतका की शेजारचे भिंत ठोकायचे. मागच्या अंगणात विहीर होती, तिच्यात मास्तरांच्या हातून पितळी तांब्या पडला, आणि तो मांजराने पाडला असं त्यांनी आईला सांगितलं.

"आईने विश्वास ठेवला?" भिंगवाल्याने विचारलं.

"मांजर आमच्याकडे नव्हतंच."

पलीकडे तो इतका हसला की मास्तरही हसले. खोलीतल्या बाकी तिघांनी माना वर केल्या. त्या खोलीत कुणी हसल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

वर्षभरात फोन तासाभराचा झाला. भिंगवाला आधी 'मास्तरसाहेब' म्हणायचा, मग 'मास्तर', आणि एके दिवशी, "सराव असलेला बरा, नाहीतर ऐन वेळी तोंडातून 'साहेब' निघायचं," असं म्हणून 'दादा' म्हणू लागला. दादाबरोबर 'तू' आपोआप आलं. मास्तरांनी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली बायकोने. "माझ्याशी तुमची पाच वाक्यं. जेवलीस का, पैसे मिळाले का, भावाकडे ठीक ना, काळजी घे, ठेवतो. आणि त्या भिंगवाल्याशी तासभर?"

मास्तरांनी विषय बदलला. बायकोशी बोलायचं म्हणजे मनगटाचं सांगावं लागलं असतं, खोलीचं सांगावं लागलं असतं, आणि तिने भावाच्या घरी वहिनीच्या हाताखाली कसे दिवस काढलेत ते ऐकावं लागलं असतं. एवढं त्राण त्यांच्यात उरत नव्हतं. भिंगवाल्याशी बोलताना ते दहा वर्षांचे असत, आणि दहा वर्षांच्या माणसाचं मनगट दुखत नाही.

दुसऱ्या वर्षी आठवणी संपल्या. माणसाचं बालपण असून असून असतं केवढं! मग मास्तर रचून सांगू लागले. रचताना त्या गोष्टीत धाकटा चुलतभाऊ केव्हा शिरला ते त्यांनाही कळलं नाही. "तू तेव्हा एवढासा होतास," ते म्हणत, आणि भिंगवाला पलीकडून विचारी, "मी रडलो का रे?" ही आपल्या पाठांतराची तयारी चालली आहे, असं दोघंही धरून चालत.

बँकेचा माणूस खरोखरच आला. पहिल्यांदा आला तेव्हा भिंगवाल्याने पाठ केल्याप्रमाणे सांगितलं, मी चुलतभाऊ, आणि दादा बाजारात गेला होता. तीन महिन्यांनी आला तेव्हा दादा केस कापायला गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने खुर्चीच ओढली. चहा घेतला, पाटीचं कौतुक केलं. भिंगवाल्याने त्या भरात पाटीचं एकेक अक्षर कसं कापलं, कुठल्या अक्षराला तीन वेळा फळी बदलावी लागली, सगळं रंगवून सांगितलं.

बँकेचा माणूस हसला. "म्हणजे मालक तुम्हीच! मग इतके दिवस दादा, दादा काय चालवलंय? हप्ता थकला की काय म्हणून घाबरलात? अहो, हप्ते वेळेवर आहेत तुमचे. या, पाटीशेजारी एक फोटो घेऊ, माझंही काम संपेल."

भिंगवाल्याचं तोंड लाल झालं, कान लाल झाले. हे त्याने पाठ केलेलं नव्हतं. तो पाटीशेजारी जाऊन उभा राहिला.

त्याच दिवशी त्याने मास्तरांना फोन करून सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "असू दे. झालं ते झालं." चिडायचं तरी कशाच्या जोरावर!

बँकेचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. भिंगवाल्याने ते फोनवर वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचावा तसं एका सुरात. अर्जावरचा फोटो आणि पाहणीतला फोटो जुळत नाहीत. कर्जदाराने तीस दिवसांच्या आत मूळ ओळखपत्रांसह शाखेत स्वतः हजर राहावं. न राहिल्यास घर परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात दिलं आहे असं समजून संपूर्ण कर्ज एकरकमी मागण्यात येईल, आणि न भरल्यास घराचा ताबा घेण्यात येईल.

मास्तर खाटेवर बसले. समोर खिडकी, खिडकीसमोर भिंत. घर जातंय, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. ज्या घरासाठी ही खोली सोसली ते घरच जातंय, आणि ते घालवलं आपण, बँकेच्या दारापर्यंत जायचा कंटाळा करून. कराराचे सात महिने शिल्लक होते. साहेबाने हातवारे ऐकून घेतले आणि दहा दिवसांची बिनपगारी रजा दिली. अकराव्या दिवशी आला नाहीत तर येऊच नका, हे मात्र त्याने अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मास्तरांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बेलचा आवाज बदललेला वाटला. खरं तर त्यांना आपल्या बेलचा आवाज बाहेरून कसा येतो हेच कधी माहीत नव्हतं, कारण त्यांच्याकडे किल्ली असायची. दार उघडून भिंगवाला समोर उभा राहिला, आणि दोघांनाही काय करावं ते सुचेना. दोन वर्षं, पाच महिने बोलत होते, पण समोरासमोर भेटण्याची ही तिसरीच वेळ.

"ये ना दादा," तो म्हणाला, "आत ये," आणि मग लाजला. घर कुणाचं, आत ये कोण म्हणतंय!

बायको आधीच येऊन बसली होती. अडीच वर्षांत ती वाळली होती. मास्तरांकडे बघून तिने तोंडावर पदर धरला, म्हणजे तेही काही कमी वाळले नव्हते. चहा करायला ती सवयीने स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली.

"चहाची पूड कुठे ठेवता हो?" तिने भिंगवाल्याच्या बायकोला विचारलं.

आवाज साधाच होता. मास्तरांनी तो बाहेरच्या खोलीत ऐकला आणि त्यांना फार वाईट वाटलं. स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून ती पूड कुठे आहे ते विचारत होती. चहा पिताना ती हळूच म्हणाली, "मला माझ्या घरात यायचंय हो. आता पुरे झालं."

"येऊ," मास्तर म्हणाले. "राहिलं तर येऊ."

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि भिंगवाला बँकेत गेले. मेहुणा येणार होता, पण त्याला ऐन वेळी कुठल्याशा खिडकीवर काम निघालं. कर्जाच्या विभागात पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, मग मान तिरकी करून मास्तरांचं ओळखपत्र पाहिलं.

"हे तुम्ही?"

"मीच. तेव्हा जरा भरलेला होतो."

"आणि हे?"

"हा..." मास्तर अडखळले. तीनदा मोजलेलं, दोन वर्षं पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. आजोबा, चाकं, घोरणारा काका. पण खोटं ओढत राहायलाही अंगात बळ लागतं, आणि ते संपलं होतं. "हा माझा भाडेकरू आहे, बाई. मी परदेशात कामाला असतो. घर ह्याला भाड्याने दिलंय. तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी."

बाईंनी चष्मा काढला. "मग विचारायचं होतं ना."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"कुणी सांगितलं? ठरावीक मुदतीची नोकरी, हप्ते वेळेवर, भाडेकरूचा पत्ता माहीत. महिन्याला असे चार जण येतात." त्यांनी खणातून एक कागद काढला. "हा अर्ज. एकच पान आहे. पंधरा दिवसांत परवानगी मिळाली असती."

मास्तरांनी तो कागद हातात घेतला. खरंच एकच पान होतं. मागची बाजू कोरी. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि बाईंनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. अडीच वर्षं बायको बिचकत पोस्ट न्यायला यायची. अडीच वर्षं दारावरच्या प्रत्येक थापेला भिंगवाला आणि त्याची बायको दचकायची. मास्तर एकदाही रजा घेऊन घरी आले नाहीत, कुणी पाहिलं, विचारलं तर काय सांगायचं म्हणून. सगळं ह्या एका पानापायी.

"आता मात्र एवढ्यावर भागणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा माफीनामा लागेल. मुदत उरलेल्या सात महिन्यांची, नंतर स्वतः राहायला यायचं. आणि ह्यांचं निवेदन, ह्यांच्याच हस्ताक्षरात. पाहणीच्या वहीत चुलतभाऊ अशी नोंद आहे. नातेवाईक म्हटलं की उद्या हक्क निघतो. त्यामुळे मालकाशी आपलं काहीही नातं नाही, असं स्वच्छ लिहून द्या. ते नसेल तर मी ही फाइल पुढे पाठवू शकत नाही."

बाईंनी निवेदनाचा छापील कागद पुढे केला, भिंगवाल्याने पेन घेतलं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. स्वतःचं नाव, वय, धंदा, पत्ता त्याने भराभर लिहिला. पुढे छापलेलं होतं, 'मालकाशी असलेले नाते'. तिथे पेन थांबलं.

त्याने मास्तरांकडे पाहिलं. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. मास्तरांना वाटलं, काहीतरी बोलावं, पण घर त्या ओळीवर अडकलेलं होतं, आणि घरात बायको पुडीचा डबा शोधत होती.

"खरं तेच लिही," ते म्हणाले.

भिंगवाल्याने लिहिलं, 'काहीही नाही. मी भाडेकरू आहे.' खाली सही केली. त्याचं तोंड लाल झालं, कान लाल झाले. मास्तरांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. खोटं बोलताना त्याचं काय होतं ते त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

काम झालं. बाईंनी शिक्का मारला, घर राहिलं. जाताना भिंगवाल्याने त्यांना सांगितलं की तुमच्या चष्म्याच्या डाव्या भिंगाचा मध्य सरकलाय, दुकानात या, मी नीट करून देतो.

बसथांब्यावर सावली नव्हती. दोघं फळकुटाच्या बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मास्तरांना हलकं वाटायला हवं होतं. वाटत होतं फक्त इतकंच, की इथेच आडवं व्हावं.

"मास्तरसाहेब," भिंगवाला म्हणाला.

तो शब्द मास्तरांनी दोन वर्षांनी ऐकला.

"सात महिन्यांनी आम्ही घर सोडू. त्याची काळजी करू नका." मग जरा थांबून तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. आता तसं काही कारण नाही म्हणा. त्या गोदामाच्या छपराची गोष्ट अर्धी राहिली होती. चेंडू काढायला ती दोघं वर चढली, आणि शिडी पडली. ती मुलं खाली कशी उतरली?"

खरं तर त्या छपरावर मास्तर एकटेच होते. सबंध दुपार ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता, आणि दिवे लागायच्या वेळी वडील शोधत आले होते. धाकट्या भावाला त्यांनी तिथे नंतर, परदेशातल्या खाटेवर बसून, आपल्या शेजारी आणून बसवलं होतं.

मास्तरांनी बाकावरची मधली जागा ओलांडली आणि त्याच्याजवळ सरकले.

"मला धीर झाला नाही," ते म्हणाले. "मी मोठा, पण मी नुसता बसून राहिलो. तू उडी मारलीस. तुझे दोन्ही गुडघे फुटले. तसाच लंगडत उठलास, शिडी उचलून लावलीस, मग मी सावकाश उतरलो."

बस येताना दिसली तेव्हा भिंगवाल्याने खाली वाकून विजारीवरून गुडघ्यावर एकदा हात फिरवला.

"फार लागलं होतं का रे मला?" त्याने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "खूप लागलं होतं."